आमच्या गावात 'कोर्ट' दाखवला : अर्जापासून भांडणापर्यंत

जानेवारीत आम्ही वाचनालयातर्फे गावात 'कोर्ट' हा मराठी पिक्चर दाखवला. तेव्हापासून आजूबाजूच्या वाचनालयवाल्यांचे फोन येतात की परवानगी कोणाकडून काढली, खर्च किती आला आणि मुख्य म्हणजे लोकं बसले का. पहिल्या दोन गोष्टी फोनवर सांगून होतात, तिसरी होत नाही. कारण काही बसले, काही उठून गेले, काही बसले पण कुरकुरत बसले, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर दोन माणसं या पिक्चरवरून चांगली जुंपली. म्हणून एकदाचं सगळंच लिहून काढते. लांबेल, सवडीनं वाचा.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, जिल्हा चंद्रपूर. धानाचा पट्टा आणि एका बाजूला जंगल. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे अनुदानात सगळ्यात खालची पायरी. मी तिथं ग्रंथपाल, आणि ग्रंथपाल म्हणजे झाडू मारण्यापासून ऑडिटपर्यंत सगळं मीच. दरवर्षी आम्ही एखादं व्याख्यान ठेवतो, त्याला नेहमीचेच दहा-बारा लोक येतात, त्यातले अर्धे कार्यकारिणीचे. म्हणून ऑक्टोबरच्या बैठकीत मी म्हटलं, या वर्षी व्याख्यान नको, पिक्चर दाखवू.

आता आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धान-जंगलाच्या भागात, पिक्चर म्हणजे मोबाईलवर, आणि रात्र जागवायची ती नाटकासाठी. दिवाळी झाली, धान घरात आलं की नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगावची मंडळं तिथं जाऊन तारीख बुक करतात. शामियान्यात रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत, रडणं मोठ्यानं, हसणं मोठ्यानं, मधात लावणी, मधात विनोदी पात्र येऊन सरपंचाची टिंगल करून जाते. मला नाटक आवडतं, मी नाक मुरडणाऱ्यांतली नाही. पण त्याच लोकांपुढं अगदी उलट्या जातीचं काही ठेवलं तर काय होईल ही खाज मला होती.

'कोर्ट'च का, तर एक म्हणजे तो मराठी, दुसरं म्हणजे त्यात शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. मुंबईचे नट नव्हते ते, चळवळीतले माणूस, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल 2021 मध्ये कोरोनानं नागपुरातच गेले. आमच्या अध्यक्षांना, म्हणजे आमच्या निवृत्त गुरुजींना, एवढं कारण पुरलं. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी हा पिक्चर ऐन विशीत केलेला, 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, एप्रिल 2015 मध्ये थेटरात आला, त्या वर्षी भारताकडून ऑस्करला पण हाच गेला. हे सगळं मी बैठकीत सांगितलं तेव्हा एक सदस्य काका म्हणाले, "बक्षीस भेटलेला पिच्चर म्हंजे बोरच असते बाई." तर वाद तिथूनच सुरू झाला म्हणा.

गोष्ट थोडक्यात सांगते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मुंबईत गटारात उतरणारा एक सफाई कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलीस म्हणतात त्यानं आत्महत्या केली, आणि ती या शाहिराचं गाणं ऐकून केली. झालं, शाहीर आत. मग तारखा सुरू होतात. सरकारी वकील बाई, आरोपीचे वकील, न्यायाधीश, तिघांची घरंदारं आपल्याला दिसतात. कॅमेरा एका जागी ठेवून दिलेला, पार्श्वसंगीत नाही, कोणी मोठ्यानं डायलॉग मारत नाही. जवळपास दोन तास.

हक्क

पहिली गोष्ट, "ओटीटीवर दिसते ना, मंग लावून टाका" असं तुम्हाला दहा जण सांगतील. ऐकू नका. घरचं सबस्क्रिप्शन घरात पाहायला असतं. गावापुढं दाखवायचं म्हटलं, अगदी फुकट दाखवायचं तरी, ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची लेखी परवानगी लागते, 1957 च्या कॉपीराइट कायद्यापासून हे असंच आहे. कोणी पकडणार नाही हे खरं, पण वाचनालयाच्या नावानं करायचं आणि पुस्तकाची झेरॉक्स मारू नका अशी पाटी आपणच लावायची, हे जमत नाही.

हक्क कोणाकडे आहेत हे शोधणंच अवघड. मला नागपूरच्या फिल्म सोसायटीतल्या एका ओळखीच्या दादांनी ईमेल काढून दिला. मी अर्धा मराठी अर्धा इंग्रजी मेल टाकला आणि मग रोज मेल उघडून पाहणं सुरू. दिवाळी गेली, उत्तर नाही. पुन्हा टाकला. मग उत्तर आलं ते प्रश्नांचं : तिकीट आहे का, लोकं किती, हॉल बंदिस्त की मैदान, प्रायोजक कोण, प्रोजेक्टर कोणता. हे सगळं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं असतं तर वेळ वाचला असता, तुम्ही लिहा. सोबत वाचनालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची कॉपी आणि कार्यकारिणीचा ठराव जोडा, त्यानं समोरच्याला भरवसा येतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं : एकच खेळ, तिकीट नाही, शूटिंग करायचं नाही, 3000 रुपये. सोबत सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत मी मागून घेतली होती, ती पुढं कामी आली.

फाईल लिंकवरून डाउनलोड करायची होती. आमच्या गावच्या नेटवर ती उतरता उतरता धानाचा पुढचा हंगाम आला असता, म्हणून ब्रह्मपुरीला मैत्रिणीकडे जाऊन पेन ड्राइव्हवर घेतली. आणि घेतल्यावर शेवटपर्यंत चालवून पाहिली. हे नक्की करा, पहिले दहा मिनिट चालते म्हणून पुढं चालेलच असं नसते.

पोलीस, आचारसंहिता आणि वाघ

आम्हाला खरं तर नोव्हेंबरमध्येच करायचं होतं. पण 15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. ठाण्यात गेले तर जमादार साहेब म्हणाले, "मॅडम, मतदान 20 तारखेले हाय, निकाल लागू द्या, मंग या. आत्ता सभा म्हटली की आमालेच विचारतेत." त्यांचंही बरोबर होतं. निकाल 23 नोव्हेंबरला लागला, मग सगळा तालुका मिरवणुकीतून बाहेर यायला आणखी आठवडा, मग धान खरेदी केंद्रावरच्या रांगा. गावात कार्यक्रम करायचा तर आधी शेताचं कॅलेंडर पाहावं लागतं, सरकारी नंतर.

तारीख ठरली शनिवार, 18 जानेवारी. संक्रांत झालेली, हळदीकुंकवाचे दिवस, बायका घराबाहेर पडतात. शेजारच्या दोन्ही गावांत त्या दिवशी नाटक नाही हे आधी विचारून घेतलं, नाटकाच्या दिवशी तर आमची कार्यकारिणीसुद्धा आली नसती.

ठाण्यात अर्ज पुन्हा. सोबत ग्रामपंचायतीचं समाजमंदिर वापरायचं ना-हरकत पत्र, हक्काचं पत्र, सेन्सॉरची प्रत. लाऊडस्पीकरसाठी वेगळं लिहावं लागतं, वेळ टाका, रात्री दहाच्या आतली टाका. जमादार साहेबांनी अर्ज वाचला.

"नाटक हाय?"
"नाही, पिक्चर आहे."
"डान्स हाय का त्याच्यात?"
"नाही."
"मंग काय हाय?"
"कोर्टात केस चालते."
त्यांनी मान वर करून पाहिलं. "दोन तास?"
"हो."
"लोक येतीन का पण?"

शिक्का मारून दिला. पोच घ्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख, आणि ती प्रत कार्यक्रमाच्या दिवशी खिशात ठेवा.

वेळेचा प्रश्न पोलिसांपेक्षा वाघाचा मोठा होता. ब्रह्मपुरी वनविभागात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते : इकडं अंधार पडल्यावर टोलीवरचे, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरचे, लोक एकटेदुकटे रस्त्यानं जात नाहीत. सरपणाला, गुरांमागं गेलेली माणसं मारली गेलीत, ही पेपरातली लांबची गोष्ट नाही. म्हणून पिक्चर साडेचारला सुरू करायचा आणि संपल्यावर टोलीवाल्यांना ट्रॅक्टरनं पोचवायचं असं ठरलं. पण साडेचारला समाजमंदिरात लख्ख उजेड. खिडक्यांना काचा होत्या, पडदे नव्हते. गुरुजींनी डोकं लावलं आणि धानाचे रिकामे बारदाने दोन पदरी करून खिळ्यांनी ठोकले, दारावर ताडपत्री. अंधार झाला, सोबत बारदान्याचा वासही आला, चालते.

प्रोजेक्टर आणि पडदा ब्रह्मपुरीतल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून, 2500 रुपये, त्याचा पोरगा सोबत. स्पीकर गावातल्याच साऊंडवाल्याचे, 1200. इथं एक सांगून ठेवते. या लोकांचे बॉक्स डीजेसाठी लावलेले असतात, धडधड जास्त, बोलणं कमी. 'कोर्ट' सगळा बोलण्याचा पिक्चर, तेही हळू आवाजात आणि मागं पंखे, रस्ता, कुजबूज चालू. आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये लावून पाहिलं तर न्यायाधीश मडक्यातून बोलल्यासारखा वाटला. बेस पूर्ण कमी केला, बॉक्स पडद्याजवळून काढून हॉलच्या मध्यावर आणले, तेव्हा शब्द कळायला लागले. जनरेटर पेट्रोल धरून 1000, तो लावला नाही पण पैसे गेले.

राहिली भाषा. पिक्चर मराठी म्हणतो आपण, पण त्यात कोर्टातलं बरंच बोलणं इंग्रजीत, मधात हिंदी, वकिलाच्या घरी गुजराती. खाली पाट्या येतात त्या इंग्रजीत. कोणी म्हटलं मधात थांबवून सांगा, कोणी म्हटलं माईकवरून भाषांतर करा. दोन्ही मला पटलं नाही. शेवटी एक पान लिहिलं, कोण कोण आहे, आरोप काय आहे, जामीन म्हणजे काय, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि सुरू व्हायच्या आधी गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं.

शिबिर

पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'कोर्ट', खाली 'मोफत', खाली तारीख-वेळ आणि 'सर्वांनी लाभ घ्यावा'. गावात तालुका विधी सेवा समितीची कायदेविषयक शिबिरं होतात, त्यांचं पत्रक असंच असतं. तर सव्वाचारला हॉलपुढं जी पहिली माणसं आली त्यातले निदान पाच-सहा जण कागदाच्या पिशव्या घेऊन आले होते. सातबारा, फेरफार, नोटिसा. एक आजोबा टोलीवरून आले होते, वाटणीची केस, पिशवी छातीशी धरलेली. मला विचारलं, "वकील साहेब आले का व माय?"

मला कळेना हसू का रडू. गुरुजींनी त्यांना बसवलं, चहा दिला, सांगितलं की हे पिक्चर हाय, तुमचे कागद संपल्यावर पाहू. आजोबा म्हणाले, "आलोच हाओ तं पायतो." (नंतर त्यांना आणि आणखी दोघांना विधी सेवा समितीचा रस्ता दाखवला. 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे, लिहून ठेवा, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.)

पिक्चर चालू

सव्वाशेच्या आसपास लोक होते. सुरुवात जोरात झाली, कारण शाहीर स्टेजवर गातो आणि ती गाणी संभाजी भगत यांची, झाडीपट्टीच्या माणसाला गाणं म्हटलं की मान हलायलाच लागते. मग स्टेजवरूनच त्याला पोलीस नेतात आणि कोर्ट सुरू होते. पंधरा मिनिटांत मागच्या पोरांचे मोबाईल उजळले. अर्ध्या तासात चार-पाच जण "तंबाखू खाऊन येतो" म्हणून गेले ते आलेच नाहीत. आरोपीचा वकील सुपरमार्केटात सामान घेते तो प्रसंग आला तेव्हा मागून आवाज आला, "आता हा किराना बी पाहाव का आमी?" हॉल हसला. खरं सांगू का, तो प्रसंग मलाही लांबलेला वाटतो, मी तोंड दाबून हसले.

पण सरकारी वकील बाई कोर्टातून निघून लोकलनं घरी जातात, पोराला घेतात, स्वैपाकाला लागतात, तिथं बायकांच्या रांगेतली कुजबूज थांबली. आणि मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते तेव्हा तर मोबाईलवाली पोरंसुद्धा वर पाहत होती. ती सांगते की तो दारू पिऊन उतरायचा कारण वास सहन व्हायचा नाही, आत झुरळं दिसली की हवा आहे असं समजायचा. एवढं सांगताना तिच्या तोंडावर काहीच हलत नाही. ती नटी नाही, तिच्या स्वतःच्या आयुष्यातही नवरा याच कामातला होता. हे मी नंतर सांगितलं तेव्हा त्यावरूनही वाद झाला, तो पुढं येते.

आता खरी गंमत. शेवटाकडं कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, सगळे निघून जातात, दिवे बंद होतात आणि पडद्यावर नुसता काळोख राहतो, बराच वेळ. आमच्याकडं एकदम गलका. "लाईन गेली!" कोणी म्हणे संपला. प्रोजेक्टरवाला पोरगा घाबरून वायर पाहायला लागला, साऊंडवाल्यानं जनरेटरकडं धाव घेतली, कोणीतरी ताडपत्री बाजूला केली, चपला शोधणं सुरू. मी ओरडून ओरडून सांगते की बसा, आहे अजून. तेवढ्यात पडद्यावर न्यायाधीश सहलीला निघालेले. जे बाहेर गेले त्यातले अर्धेच परत आले. तुम्ही दाखवणार असाल तर प्रोजेक्टरवाल्याला ही जागा आधी सांगून ठेवा.

शेवटी न्यायाधीश बाकावर झोपतात, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एका पोराला थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. समोर बसलेली लेकरं खदखदून हसली. मोठे एकमेकांकडं पाहत होते. मग उजेड, टाळ्या पडल्या पण कशाला वाजवतोय हे न कळल्यासारख्या.

भांडण

चर्चा ठेवली होती, मला वाटलं कोणी बोलणार नाही, चिवडा खाऊन निघतील. झालं भलतंच.

पहिला बोलला तो गावातला आयटीआय केलेला पोरगा. "मॅडम, कॅमेरा हालतच नाई. मानूस दारातून गेला तरी तो दारच पाहून रायला. एडिटिंग केलं नाई का यायनं?" त्याला पाठीमागून पुष्कळांचा होकार. गुरुजींना राग आला, ते काही बोलणार तेवढ्यात वाटणीच्या केसवाले आजोबा म्हणाले, "तिथं हालत नाईच ना काई. मी पायतो ना जाऊन. पुकारा होयेपर्यंत पंखाच पाहा लागते." आणि इंग्रजीचं? मी मुद्दाम विचारलं, समजलं का? "नाई समजलं. कोर्टात तरी कुठं समजते? वकील सांगते तारीख भेटली, आपन पिशवी उचलाची."

इथंपर्यंत मला वाटत होतं, बरं, ज्यांनी कोर्ट पाहिलं त्यांना पिक्चर लांब वाटला नाही, ज्यांनी नाही पाहिलं त्यांना वाटला. चांगला निष्कर्ष निघाला असता. पण एक काकू उठल्या, त्यांची पोटगीची केस कितीतरी वर्षं चालली, आणि त्या सगळ्यात जास्त चिडलेल्या. म्हणाल्या, "मी ते सगळं भोगून आली. दोन घंटे हळदीकुंकू टाकून इथं बसली ते तेच पुना पाहाले का? पिच्चरमंदी तरी त्या म्हाताऱ्याले सोडाव ना!" बायकांनी टाळ्या वाजवल्या, मघापेक्षा जोरात. त्यांना मी काय उत्तर देणार होते? मी दिलंही नाही.

अभिनयावरचा वाद सगळ्यात मजेदार. आमच्या गावचे एक जण वडशाच्या कंपन्यांत काम करतात, बहुतेक खलनायक, हंगामात महिन्यातल्या बहुतेक रात्री स्टेजवर. त्यांच्याकडं सगळ्यांनी पाहिलं, की आता हे म्हणणार यात काही दम नाही. आयटीआयवाल्या पोरानं तर म्हटलंच, "यायले ॲक्टिंग येतच नाई, नुसते बोलून रायले." ते नटदादा जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले की ती सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी, लांबच लांब कलम वाचते, मान खाली, एका सुरात, मधात श्वास घेते, पान उलटते. "त्या जागी मले उभा केला असता तं मी दुसऱ्याच ओळीले आवाज चढवला असता. अन् आमच्यात चढवाच लागते, मागच्या खुर्चीवाल्याले ऐकू गेलं पायजे, त्यानं पैसे देल्ले. ह्या बाईनं चढवला नाई. ते सोपं नसते." मग पुढं लगेच, "पन आमच्या पब्लिकपुढं हे चालनार नाई, अन् पब्लिक चुकीचं हाय असं मी म्हननार नाई."

साक्षीदार बाई खरंच तशा घरातली आहे हे मी सांगितलं तर एक शिक्षक म्हणाले की मग तिच्या अभिनयाचं कौतुक कसलं, ती स्वतःचंच सांगतेय. त्यावर बचतगटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "गुरुजी, सोताचं सांगाले उभं राहून पाहा एक दिवस. मी ग्रामसभेत उभी रायते तं पाय कापतेत." शिक्षक हसले, पण मुद्दा सोडला नाही, नटाचं काम दुसऱ्याचं दुःख दाखवणं आहे असं त्यांचं म्हणणं. दोघंही अजून आपापल्या जागी ठाम आहेत.

बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईची केस ऐकत नाहीत, पुढची तारीख देतात, त्यावर कॉलेजच्या पोरी तावातावानं बोलल्या आणि दोन म्हातारे म्हणाले त्यात काय चुकलं, कोर्ट आहे ते. न्यायाधीश वाईट दाखवलाय की साधा माणूस दाखवलाय यावर काही मिटलं नाही. एका पंचायत सदस्यानं विचारलं की आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं 306 कलम आता राहिलं का. गुरुजींनी सांगितलं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते 108 झालं. यावर तो म्हणाला, "म्हंजे नंबर बदलला." एवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि टोलीवाले उठले, नाहीतर आम्ही नऊपर्यंत तिथंच असतो.

मनातलं सांगायचं तर पहिल्या अर्ध्या तासात लोकं उठून जात होते तेव्हा मला फार लागलं होतं. तीन महिने ज्याच्यामागं धावलो ते सोडून माणूस तंबाखू खायला जाते म्हणजे काय. मनात वाक्यंसुद्धा तयार होत होती, तुम्हाला समजत नाही, तुम्हाला रील्स पाहिजेत वगैरे. बरं झालं माईक गुरुजींच्या हातात होता. 'स्लो आहे' म्हणणाऱ्याला समज कमी असं आपण फार पटकन धरून चालतो. पोटगीवाल्या काकूंना पिक्चरमधलं एकूण एक समजलं होतं, माझ्यापेक्षा जास्तच, आणि तरी त्यांना तो नको होता. उलट आवडला म्हणणाऱ्यांतही एक-दोघं असे होते की ज्यांना ऑस्करचं ऐकून आवडला, विचारलं तर कोणता प्रसंग ते सांगता येईना.

वाचनालयात अभिप्राय वही ठेवली होती. त्यात कोणीतरी लिहिलंय, 'वेळ वाया'. त्याच्याच खाली वेगळ्या अक्षरात, 'तुझी केस लागली की समजेल'. आणखी एका पानावर फक्त 'चहा चांगला होता'. पानठेल्यावरचं भांडण दुसऱ्या दिवशीचं, त्यात एक पक्ष म्हणत होता की शाहीर दोषी आहे की नाही हे पिक्चरनं सांगायला पाहिजे होतं, दुसरा म्हणत होता की सांगितलं, तू उठून गेलता. मी दूध आणायला गेले होते, मला पंच म्हणून बोलावत होते, मी गेले नाही.

खर्चाचा हिशोब : हक्क 3000, प्रोजेक्टर-पडदा 2500, साऊंड 1200, जनरेटर 1000, चहा-चिवडा 900, पोस्टर-झेरॉक्स 250, म्हणजे 8850. ट्रॅक्टरवाल्यानं डिझेलचे पैसे घेतले नाहीत. निम्मे पैसे वर्गणीतून, निम्मे सदस्यांनी टाकले. वाचनालयाच्या अनुदानातून करायचं असेल तर आधी ठराव आणि मगच खर्च, प्रत्येक पावती वाचनालयाच्या नावानं घ्या, लग्नाच्या शूटिंगवाल्याकडूनसुद्धा. तो म्हणतो पावतीपुस्तक नाही, तर साध्या कागदावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्या, ऑडिटला तेवढं चालतं.

आणखी एक, हॉलमध्ये मुलांना पुढं बसवू नका अशा पिक्चरला. मागं बसवा, दाराजवळ, म्हणजे कंटाळली की निघून जातात आणि मधात रांगा हलत नाहीत. आणि पाणी भरून ठेवा.

फेब्रुवारीच्या बैठकीत पुढचा पिक्चर कोणता यावर पुन्हा दोन तट पडले. काका म्हणतात कॉमेडी, पोटगीवाल्या काकूंचा निरोप आला की शेवट चांगला असणारं काहीही चालेल, आणि आयटीआयवाला पोरगा, जो सगळ्यात जास्त बोलला होता, तो म्हणतो पुढच्या वेळी प्रोजेक्टर मी चालवतो, त्या शूटिंगवाल्याला फोकसच येत नव्हता. तारीख होळीनंतरची धरली आहे, नाटकं संपल्यावर. तीन पिक्चरची नावं निघाली, तिन्हींच्या हक्कासाठी मेल टाकलेत, यावेळी सगळी माहिती पहिल्याच मेलमध्ये लिहून. एकाचं उत्तर आलं, ते 15000 मागतात. बाकी दोघांची वाट पाहणं चालू आहे.